खाटेमागचा पॉइंट

आयसीयूत शिरलं की नजर आधी मॉनिटरकडे जाते, मग व्हेंटिलेटरकडे. खाटेमागच्या पॅनेलमधल्या ऑक्सिजनच्या पॉइंटकडे कुणी बघत नाही. भिंतीला पाठ लावून तो दिवसरात्र उभा. सिस्टरांनी फ्लोमीटर फिरवला की नळीतली गोळी वर चढते, बाटलीतलं पाणी बुडबुडतं. त्याचं बोलणं तेवढंच.

स्वभावानं भलता काटेकोर. शेजारी हवेचा आणि सक्शनचा पॉइंट असतो, पण त्यांचा प्रोब याच्यात बसतच नाही. रात्री तीनच्या घाईत कुणी चुकीची नळी लावू गेलं तरी हा दाद देत नाही. त्याचा हा हट्ट मला फार आवडतो. त्यानं माणसं वाचवली आहेत.

नव्या आयसीयूंत त्यानं भिंत सोडून छताच्या पेंडंटवर मुक्काम हलवलाय. घशात नळी घालताना डॉक्टरांना रुग्णाच्या डोक्यामागे उभं राहायला जागा होते. चांगलंच झालं.

मात्र त्याचं हातावर पोट. स्वतःपाशी शिल्लक काहीच नाही. तांब्याच्या पाइपातून, मजले चढून, आवारातल्या टाकीतून येईल तेवढंच तो पुढे देतो. त्या टाकीत उणे १८३ अंशांच्या आसपासचा द्रव ऑक्सिजन असतो. एका लिटरचा सुमारे ८६० लिटर वायू होतो.

२१ एप्रिल २०२१. नाशिक महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय कोरोनाच्या रुग्णांनी भरलेलं. आवारातली टाकी गळू लागली, पांढऱ्या वाफेचे लोट उठले, आणि वर वॉर्डात लाइनचा दाब घसरला. खाटा होत्या, व्हेंटिलेटर होते, पॉइंट जागच्या जागी होते. त्या दिवशी २२ माणसं गेली.

म्हणून आयसीयूचा नकाशा खोलीच्या चार भिंतींपाशी संपवणाऱ्यांचा मला राग येतो. खाटांमधलं अंतर, खिडकी, दिवे हे सगळं हवंच. पण नकाशात आवारातली टाकी हवी, दाब उतरताच सिस्टरांच्या टेबलाशी वाजणारा अलार्म हवा, मॅनिफोल्डवर भरलेले जंबो सिलिंडर हवेत. आणि ते उघडायची चावी कुठे टांगली आहे, हे रात्रपाळीच्या मामांना अंधारातही ठाऊक हवं.