मिलच्या जागेवर फ्लॅट घ्यावा का, डॉक्टर?

मागच्या महिन्यात एक तरुण जोडपं दवाखान्यात आलं. दोघंही ठणठणीत. मुलाच्या हातात बिल्डरचं रंगीत माहितीपत्रक होतं. "डॉक्टर, बंद पडलेल्या मिलच्या जागेवर नवी स्कीम झालीय. दोन बेडरूमचा फ्लॅट बघून आलोय. पण तिथं इतकी वर्षं कारखाना होता. बाळाला काही त्रास नाही ना व्हायचा?"

प्रश्न चांगला होता. घर घेताना लोक वास्तू बघतात, पाण्याची वेळ विचारतात (सोलापुरात ती विचारावीच लागते), पण जमिनीवर आधी काय होतं हे फार कमी जण विचारतात. मी त्यांना जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. कोळशाच्या खाणीवर वस्ती उभी राहिली तर जमिनीखालची पोकळी, जमीन खचणं, साठलेला वायू, खालून धुमसणारी आग अशा खऱ्या काळज्या असतात. सूतगिरणीच्या जमिनीचं तसं नाही. कापसाची धूळ मातीत मुरून पन्नास वर्षांनी वर येत नाही. काळजी असलीच तर पाडकामाच्या वेळची. जुन्या शेडच्या छपरावर ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतात, बॉयलरच्या नळ्यांवरही कधी कधी त्याचं वेष्टण असतं. ते फोडताना उडणारे तंतू फुप्फुसाला घातक असतात. पाडकाम संपून इमारत उभी राहिली असेल, आवारात फुटके पत्रे पडलेले नसतील, तर निर्धास्त राहा.

त्या दोघांचं समाधान झालं. सोबत मुलाचे वडील आले होते, ते बाजूच्या खुर्चीत बसून ऐकत होते. वय 74. गेली चार वर्षं माझेच पेशंट. ते हसले आणि हसता हसता खोकले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "बाळाचं विचारलास ते बरं केलास. मी त्याच मिलमध्ये सव्वीस वर्षं होतो की ओ डॉक्टर. मला कुणी विचारलं नाही."

मी त्यांची फाईल उघडली. दम लागतो, जुना खोकला, बिडी-सिगारेट नाही, दमा असावा, पंप सुरू. चार वर्षांत अकरा भेटी. व्यवसाय या रकान्यात माझ्याच अक्षरात एक शब्द होता: निवृत्त.

इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा एक वैद्य होऊन गेला. 1700 साली त्याने कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात डॉक्टरांना बजावलं, की रोग्याला जे प्रश्न विचारता त्यांत आणखी एक घाला: तुमचा धंदा काय? आम्हाला हे कॉलेजात शिकवतात. परीक्षेत मी त्यावर मार्कही मिळवले असतील. पण ओपीडीत पन्नास माणसं बाहेर बसलेली असताना "सध्या काय करता?" एवढंच विचारलं जातं. "तेव्हा काय करत होता?" हा प्रश्न राहून जातो.

त्या दिवशी तो विचारला.

काका कार्डिंग खात्यात होते. गिरणीत कापसाच्या गाठी आधी ब्लो रूममध्ये फुटतात, झोडपल्या जातात, मग कार्डिंगला रुई विंचरली जाते. तिथून पुढे सूत, मग साचे, म्हणजे माग. सगळ्यात जास्त धूळ या पहिल्या दोन खात्यांत. काका सांगत होते, "पाळी संपल्यावर भुवया पांढऱ्या असायच्या. घरी आलो की आई दारातच झटकायला लावायची." मी विचारलं, छातीचं कधी सुरू झालं? ते म्हणाले, "रविवारी सुट्टी. सोमवारी लई जड व्हायचं बघा. दुपारनंतर छाती आवळल्यासारखी. मंगळवारी जरा बरं. शनिवारपर्यंत काहीच नाही. आम्ही म्हणायचो, सुट्टी मानवत नाही."

माझ्या पुस्तकात जे छापलं होतं ते हा माणूस तोंडाने सांगत होता. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. हे नाव आद्रियां प्रूस्त या फ्रेंच डॉक्टरने 1877 मध्ये वापरलं. 1877 हेच सोलापुरात पहिली गिरणी सुरू झाल्याचं वर्ष.

ती गिरणी म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, आपली जुनी मिल. रेल्वे 1860 मध्येच सोलापुरात पोहोचली होती. कापूस आणायला आणि बॉयलरसाठी कोळसा आणायला तिची सोय झाली. मोरारजी गोकुळदास या मुंबईच्या व्यापाऱ्याने गिरणी काढली. मुरारजी पेठ हे नाव आपण रोज घेतो, पण ते कुठून आलं याचा विचार करत नाही. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या आणि गावाची घड्याळं भोंग्यावर लागू लागली. हेच कामगार 1930 च्या मे महिन्यात रस्त्यावर आले आणि शहरात मार्शल लॉ लागला. चार हुतात्म्यांची गोष्ट सोलापुरात कुणाला सांगायला नको.

जुनी मिल 1949 मध्ये बंद पडली. 1950 च्या जानेवारीत सरकारने वटहुकूम काढून कारभार ताब्यात घेतला. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. 1950 चा एक आणि 1953 चा एक असे दोन निकाल झाले. मालमत्तेचा हक्क काय असतो हे शिकताना कायद्याचे विद्यार्थी आजही हे सोलापूरचे खटले वाचतात. मला त्यात एवढंच वाटतं, की गिरणीच्या शेअरची किंमत काय यावर देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयात इतकी बारकाईने चर्चा झाली, आणि त्याच शहरात कार्डिंग खात्यातल्या माणसाची छाती कुणी मोजून ठेवली नाही. बाकीच्या गिरण्याही पुढे एकेक करून थंडावल्या. जुन्या मिलच्या आवारात आता उमा नगरीसारखी वस्ती आहे. संध्याकाळी पोरं सायकली फिरवतात.

आता आजाराकडे येऊ, कारण तुमच्या घरातही असे एखादे आजोबा असतील.

कापसाच्या बोंडाबरोबर पानांचे, देठांचे बारीक तुकडे येतात आणि त्यांच्यावर जिवाणू वाढलेले असतात. त्या जिवाणूंच्या आवरणातला एक घटक, एंडोटॉक्सिन, धुळीसोबत श्वासनलिकेत जातो. तिथे सूज येते, नळ्या आकसतात. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी त्रास जास्त का? रोज मारा चालू असला की शरीर काही काळ त्याला सरावतं, सुट्टीत तो सराव मोडतो आणि सोमवारी पुन्हा पहिल्यासारखा झटका बसतो. सुरुवातीला फक्त सोमवार. काही वर्षांनी सोमवार-मंगळवार. मग आठवडाभर. शेवटी काम सुटलं तरी दम सुटत नाही. 1950 च्या दशकात इंग्लंडमधल्या लँकेशरच्या गिरण्यांमध्ये रिचर्ड शिलिंग या डॉक्टरने याच पायऱ्यांवरून आजाराच्या श्रेणी ठरवल्या. यंत्राने नव्हे, कामगारांना सोमवारबद्दल विचारून.

कोळशाच्या खाणीत आयुष्य काढलेल्या माणसाचा एक्स-रे काढला तर त्यात डाग दिसू शकतात. कोळशाची धूळ फुप्फुसात बसून राहते आणि आपली खूण ठेवते. कापसाची धूळ अशी खूण ठेवत नाही. बिसिनोसिसचा म्हणून ओळखता येईल असा कुठलाही डाग एक्स-रेवर नसतो. सीटी स्कॅनवरही नसतो. तीस वर्षांनंतर तो सिगारेटने होणाऱ्या सीओपीडीसारखाच दिसतो. त्यामुळे पेशंटने सांगितलं नाही आणि डॉक्टरने विचारलं नाही, तर निदान होणारच नाही. काकांच्या बाबतीत चार वर्षं नेमकं तेच झालं. आणि त्यात चूक माझी होती. त्यांनी सांगितलं असतं, पण त्यांना वाटायचं मिल बंद होऊन इतकी वर्षं झाली, आता त्याचा काय संबंध?

संबंध असा. निरोगी माणूस पहिल्या सेकंदात जोराने जितकी हवा बाहेर टाकतो, ती तिशीनंतर दरवर्षी साधारण 25 ते 30 मिलिलिटरने कमी होत जाते. हे वयाचं देणं आहे, सगळेच देतात. धुळीत वर्षानुवर्षं काम केलेल्याची ही घट जास्त वेगाने होते. तरुणपणी फुप्फुसाची शिल्लक भरपूर असते म्हणून कळत नाही. सत्तरीत जिना चढताना कळतं.

1948 च्या कारखाने कायद्यात बिसिनोसिस हा कळवण्याचा आजार म्हणून नोंदवला गेला. म्हणजे गिरणीत काम करणारा, किंवा पूर्वी केलेला, असा पेशंट दिसला तर डॉक्टरने कारखाने निरीक्षकांना लेखी कळवायचं. नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्यातही हा आजार यादीत घालण्यात आला. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी असं एकही पत्र लिहिलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, गिरण्याच गेल्या, आता कशाला हे? गिरण्या गेल्या, धूळ गेली नाही. ती लहान लहान तुकड्यांत गावभर पसरली. पूर्व भागात आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग आहेत. टॉवेलच्या कारखान्यात जाऊन या, जाळ्यांवर, तारांवर, पंख्यांवर रुईची साय धरलेली दिसेल. विणकामातली धूळ कार्डिंगइतकी वाईट नसते हे खरं, पण खेळती हवा नसलेल्या खोलीत बारा तास म्हणजे बारा तास. आणि घराघरांत बिड्या वळणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यासाठी कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत झाली, 2006 मध्ये दहा हजार घरं. जवळच रे नगरची घरं 2024 च्या जानेवारीत द्यायला सुरुवात झाली. हक्काचं पक्कं घर मिळालं, ही फार मोठी गोष्ट. पण काम घरातच असल्याने सुपातला तंबाखूही त्या नव्या घरात आला, त्याच खोलीत, जिथे मूल झोपतं. तंबाखूची धूळ हा बिसिनोसिस नव्हे, तिचा त्रास वेगळा. पण खोकला, डोळे चुरचुरणं, मळमळ घेऊन येणाऱ्या बाईला मी आता आधी सूप कुठे ठेवते ते विचारतो.

यंत्रमागावर किंवा कापसात काम करत असाल तर स्वतःपुरती एक गोष्ट बघा. त्रास सुट्टीच्या दिवशी कमी होतो का, आणि कामावर परत गेलात की पहिल्या दिवशी वाढतो का? तसं असेल तर डॉक्टरांना नेमकं याच शब्दांत सांगा. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकायची तपासणी, करून घ्या. शक्य असेल तर कामाच्या पहिल्या दिवशी पाळीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा. तोंडाला बांधलेला रुमाल मोठे तंतू अडवतो, बारीक धूळ अडवत नाही. त्यासाठी एन-95 लागतो. हवेच्या पाईपने रुई उडवू नका, ती फक्त मशीनवरून तुमच्या छातीत जाते. ओल्या फडक्याने किंवा व्हॅक्यूमने काढा. मागाशेजारी झोपू नका. बिडी-सिगारेट असेल तर ती आणि ही धूळ मिळून दुप्पट मार पडतो असं समजा.

घरात जुने गिरणी कामगार असतील तर त्यांचा पंप "सवय लागेल" म्हणून बंद करू नका. पंपाची सवय लागत नाही. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घ्या. रोज थोडं चालवा. आणि साच्यावर काम केलेलं असेल तर कानही तपासा. साचे खात्यात इतका आवाज असायचा की माणसं ओठांवरून बोलणं ओळखायची. आजोबा टीव्ही मोठा लावतात म्हणून घरात भांडणं होतात, त्यातली काही साच्यांमुळे होतात. डॉक्टरांकडे येताना जुनं हजेरी कार्ड, पीएफचा कागद, कामगार विम्याचं पुस्तक, जे काही पेटीत असेल ते घेऊन या. खातं कोणतं आणि वर्षं किती, हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे.

काकांची स्पायरोमेट्री केली. त्यांच्या वयाला आणि उंचीला जितकी हवा अपेक्षित असते, तिच्या निम्म्याहून कमी निघाली. पंप बदलला. फाईलवरचा "निवृत्त" खोडून लिहिलं: कार्डिंग खाता, 26 वर्षं. आजार बरा होणार नाही हे त्यांना सांगितलं. पुढची घसरण मात्र आवरता येते, तेही सांगितलं. ते म्हणाले, "नाव कळलं, तेवढं बरं वाटलं."

फ्लॅट त्यांनी घेतला. मुलगा सहावा मजला घेणार होता, हवा चांगली येते म्हणून. मी त्याला लिफ्टला जनरेटरची सोय आहे का ते विचारून यायला सांगितलं. नव्हती. मग पहिला मजला घेतला.