आधी हात, मग एमआरआय

गेल्या पावसाळ्यापासून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवाताने ठाण मांडलं आहे. पेन धरता येतं, पण कबड्डीपटूची भरदार मांडी एका हातात आणि नडगी दुसऱ्या हातात धरून गुडघ्याची लॅकमन चाचणी करायची म्हटली की अंगठा साथ सोडतो. खेळवैद्यकाच्या पोस्टिंगला येणाऱ्या मुलांना मी सगळ्यात जास्त वेळ याच एका तपासणीवर घालवायला लावतो.

पुस्तकात ती चार ओळींत संपते. १९७६ साली जोसेफ टॉर्ग आणि सहकाऱ्यांनी ती लिहून मांडली आणि फिलाडेल्फियाच्या जॉन लॅकमन यांचं नाव तिला दिलं. नडगी पुढे सरकलेली कुणालाही दिसते. अडतं ते शेवटाशी. शाबूत एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं पुढचं क्रूसिएट लिगामेंट, नडगीला टक्कन थांबवतं. तुटलेलं असलं तर ती मऊ सरकत जाते, नेमकी कुठे थांबली ते कळत नाही. हा एंड पॉइंट मी फळ्यावर कधीच शिकवू शकलो नाही. त्यात हॅमस्ट्रिंग आड येते. घाबरलेला खेळाडू मांडीमागचे स्नायू आवळून धरतो आणि तुटलेला गुडघाही घट्ट भासतो.

म्हणून आधी चांगला गुडघा. मग दुखऱ्या पायाच्या मांडीमागे बोटं ठेवून नुसतं थांबायचं आणि खेळाडूला बोलतं करायचं. घोटा कुणी धरला? मध्यरेषेकडे वळताना आतून आवाज आला का? सूज तासा-दोन तासांत आली की दुसऱ्या दिवशी? बोलता बोलता मांडी सैल पडते आणि निम्मं निदानही हाती येतं.

एमआरआयची फिल्म उघडण्याआधी निदान सांगायचं आणि मुलांच्या चेहऱ्यावरचं कौतुक बघायचं, याची मला चटक होती. ती विद्या माझ्या पकडीत आहे, असं मला मनापासून वाटायचं.

यंदा एक लहान चणीची इंटर्न आली. "सर, माझ्या हातात ही मांडी मावतच नाही." तिला टेबलाच्या कडेवरून खेळाडूचा पाय खाली सोडायला लावला, पाऊल तिच्या दोन गुडघ्यांमध्ये धरायला सांगितलं. मांडीचा भार टेबलाने घेतला. एका हाताने मांडी टेबलावर दाबून दुसऱ्याने तिने नडगी हलकेच पुढे घेतली, पुन्हा घेतली, आणि म्हणाली, "सर, थांबतच नाहीये." खरंच थांबत नव्हती. मला आनंद झाला आणि असूयाही वाटली. आता मीही तशीच तपासणी करतो.

ओपीडीत खुर्चीवर बसून नीट-पीजीचे एमसीक्यू सोडवणाऱ्या मुलांना 'लॅकमन' हे उत्तर पाठ असतं, गुडघा मात्र धरलेला नसतो. मैदानावर सुजलेला गुडघा चोळून 'बसवून' देणारे आहेतच. पण रिपोर्ट वाचून मग रुग्णाकडे वळणारे आमचेच व्यवसायबंधू मला जास्त खटकतात. एमआरआय तुटलेलं दाखवतो. वळताना तो गुडघा किती दगा देईल, हे त्या स्थिर चित्रात दिसत नाही.

शिकवणाऱ्या प्रत्येकाला माझी एकच विनंती आहे: विद्यार्थ्याने दोन्ही गुडघे तपासून केसपेपरवर स्वतःच्या अक्षरात निष्कर्ष लिहीपर्यंत त्याला रिपोर्ट दाखवू नका.