हृदयाची तुला

लक्सरला नाईल ओलांडली की पश्चिम तीरावर मृतांचे राज्य सुरू होते. प्रवासी धावतात ते राजांच्या थडग्यांकडे. मी मात्र देर अल्-मदिना येथील लहानशा देवळात रेंगाळलो. थडगी खोदणाऱ्या कारागिरांची वस्ती एके काळी इथेच होती. देऊळ त्यामानाने अलीकडचे, म्हणजे सुमारे २२०० वर्षांपूर्वीचे!

आतल्या एका भिंतीवर परलोकीचा न्यायनिवाडा कोरला आहे. वर ओळीने बसलेले ४२ न्यायाधीश आणि खाली तराजू. एका पारड्यात मृताचे हृदय, दुसऱ्यात सत्याची देवता माअत. तिची खूण म्हणजे एक पीस. लांब चोचीचा थोथ देव निकाल लिहून घेतो. आपल्या चित्रगुप्ताचाच भाऊबंद म्हणा ना! शेजारी सुसरीच्या तोंडाची अम्मित टपलेली. हृदय खोटे ठरले की तिने ते गिळलेच.

चोरी केली नाही, मापात मारले नाही, कुणाला रडवले नाही, असे मृताने सांगायचे. ही जबानी पपायरसवर लिहून थडग्यात ठेवीत. पण खरी धास्ती निराळीच होती. ममी करताना मेंदू काढून टाकीत, हृदय मात्र शरीरातच राहू देत. वर दगडी भुंगा ठेवीत आणि त्यावर विनवणी कोरीत, की हृदया, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस!

वाचकहो, ४२ न्यायाधीशांपुढे पाठ केलेले बोलता येईल. पण सारे जाणणाऱ्या या साक्षीदाराचे काय? ती विनवणी मला परक्या धर्माची वाटली नाही.