फॉर्मवरची दोन अक्षरं

गेल्या थंडीत जिल्ह्याच्या एका क्रॉसकंट्री स्पर्धेचे फॉर्म भरायला आम्ही विहारात बसलो होतो. आम्ही म्हणजे जळगाव आणि धुळ्याकडची आठ-दहा माणसं. कोणी शिक्षक, कोणी एसटीत, कोणी रेल्वेत. रविवारी पहाटे वस्तीतल्या पोरापोरींना पळवतो, संध्याकाळी वाचन घेतो. त्या दिवशी आमची सगळ्यात दमाची मुलगी हळूच म्हणाली, "दादा, फॉर्मवर माझं नाव अर्धंच लिहा ना."

तिचं नाव इथे लिहीत नाही. त्याची सुरुवात 'भीम' या दोन अक्षरांनी होते, एवढं पुरे. ती दोन अक्षरं काढली की उरतं ते नाव कुठल्याही घरात चालतं. आधीच्या एका स्पर्धेत माईकवरचा माणूस तिच्या नावापाशी थांबला होता, शेजारच्याकडे बघून हसला होता आणि मग त्याने नाव पुकारलं होतं. शिवी नाही, धक्काबुक्की नाही. पोरीला तेवढं पुरलं.

आमच्यात लगेच दोन तट पडले. एक म्हणे, पळतात ते पाय, नाव नाही. लिहू द्या अर्धं. दुसरा तट तापला. बाबासाहेबांचं नाव लपवायचं? आम्ही तिला भाषण देणारच होतो. पण सोळा वर्षांच्या मुलीला भाषण देणं फार सोपं असतं, म्हणून आधी आपसातच बोललो.

शब्दकोशात 'भीम' म्हणजे भयंकर, ज्याची भीती वाटावी असा. खेळाडूला याहून चांगलं नाव कोणतं? आखाड्यात गदा घेतलेल्या भीमाचं चित्र लावलं तर कोणी हसत नाही. आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा आणली. त्यांच्या नावाचा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक घेणाऱ्या खाशाबा जाधवांच्या नावात फारसीतून आलेला 'खासा' ऐकू येतो, तेही कोणाला खटकत नाही. मग आखाड्यात चालणारा भीम आमच्या मुलीच्या छातीवर का खटकतो? कारण हसणाऱ्याला अर्थ ऐकूच येत नाही. हे नाव कोणी ठेवलं, तेवढंच त्याला ऐकू येतं.

आपल्या फॉर्मवर तीन नावं असतात: स्वतःचं, बापाचं, आडनाव. जुन्या दाखल्यांची पेटी उघडली तर एकेका घराचा इतिहास त्यात सापडतो. नातू सिद्धार्थ किंवा राहुल. बाप अशोक, मिलिंद, आनंद. आणि बापाच्या दाखल्यावर मधलं नाव कचरू, दगडू, उकिर्डा, भिका. १९५६च्या धर्मांतरानंतर एका पिढीत घरातली नावं बदलली. सरकारी योजना नव्हती की अनुदान नव्हतं. आयाबायांनी बारशाला पाळण्याशी उभं राहून ते केलं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावी लागेल. प्रत्येक दगडूमागे मनुस्मृती नसते. मूल जगत नाही म्हणून दृष्ट लागू नये असं नाव ठेवायचं, हे खानदेशात कुणब्यापासून वाण्यापर्यंत सगळ्यांनी केलं. पण मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावांचा नियम आहेच: ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं निंदेचं. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी ज्या पुस्तकाचं दहन झालं त्यात हेही होतं. आणि खरा भेद पुढे हाकेत दिसायचा. त्यांचा दगडू मोठा झाला की दगडूशेठ व्हायचा. आमचा म्हातारा झाला तरी दगड्या. नाव तेच, शेपूट वेगळं. गावात तर नावही विचारत नसत. "कोना शे रे तू?" एवढंच.

मैदानावर या हाकेचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे पळवणकर बाळू. चांभार समाजातला हा डावखुरा गोलंदाज पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. 'बाळू' म्हणजे लहान मूल. घरात लाडाचं नाव. पण चाळिशीकडे आलेल्या माणसालाही सगळे बाळूच म्हणत राहिले. हिंदू संघाला त्याचे बळी हवे होते, पण चहाच्या वेळी तो पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. कर्णधारपद त्याला कधीच दिलं नाही. १९२३ साली हिंदूंचा कर्णधार झाला तो त्याचा धाकटा भाऊ. त्याचं नाव विठ्ठल! चौरंगी सामन्यात त्याने युरोपियनांना हरवलं. या विठ्ठलाच्या समाजाला पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार तेव्हा बंद होतं. ते उघडायला १९४७ साल उजाडलं, आणि त्यासाठी आपल्या अमळनेरला मास्तरकी केलेल्या साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावं लागलं. देवाचं नाव मुलाला ठेवायला बंदी नव्हती, देवळात जायला होती. नाव चांगलं ठेवलं की माणूस सुटतो, असं म्हणणाऱ्यांनी या दोन भावांकडे बघावं.

१९३७ च्या निवडणुकीत हाच बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला आणि हरला. पण त्यावरून त्याला शिव्या घालणारे आपल्यातले काहीजण त्याची गोलंदाजी विसरतात, हे आम्हाला पटत नाही.

मोहम्मद अली आमच्या पोरांना नीट समजतो. कॅशियस क्ले हे नाव त्याने १९६४ साली टाकलं आणि त्याला गुलामीचं नाव म्हटलं. गंमत अशी की मूळचा कॅशियस क्ले हा गुलामगिरीविरुद्ध लढलेला गोरा माणूस होता. म्हणजे नाव एका भल्या माणसाचं होतं. तरी अलीला ते नको होतं, कारण ते त्याच्या लोकांनी स्वतः निवडलेलं नव्हतं. १९६७ साली अर्नी टेरेल त्याला मुद्दाम क्ले म्हणत राहिला, तेव्हा रिंगणात ठोसे मारता मारता अली एकच प्रश्न विचारत होता: माझं नाव काय?

अर्धं नाव लिहू द्या म्हणणाऱ्या आमच्या मित्राचं यावरही उत्तर तयार होतं. अली जगज्जेता होता, आपली पोर जिल्ह्याच्या पुढे गेलेली नाही. खरं आहे. पण मग वंदना कटारियाचं काय? दरवर्षी ३१ जुलैला आम्ही लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातो. १९३७ साली त्याच तारखेला कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब तिथे थांबले होते. २०२१ च्या त्याच ३१ जुलैला टोकियोत वंदनाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. चार दिवसांनी उपांत्य सामना हरला आणि हरिद्वारजवळच्या तिच्या गावात घरासमोर फटाके फोडून जातीवरून शिवीगाळ झाल्याची तक्रार तिच्या घरच्यांना करावी लागली. वंदना हे नाव तर सगळ्यांच्या घरातलं. त्यात 'भीम' नव्हता. शोधणाऱ्याने शोधलंच.

आज राहुल, गौतम, सिद्धार्थ कोणाच्याही घरी असतात. द्रविडही राहुल आणि गंभीरही गौतम. आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण म्हणून माईकवरचा माणूस आता सिद्धार्थला "पुढे काय?" विचारतो. आडनाव कळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. म्हणजे अर्धं नाव लिहून मुलगी वाचणार नव्हती, फक्त तिच्या आजीने पाळण्यात घातलेलं नाव जाणार होतं.

हे सगळं आम्ही तिला सांगितलं, पण निर्णय तिच्यावर सोडला. शिवाय एक व्यवहाराची अडचण होतीच: आधार आणि जन्मदाखल्यावर पूर्ण नाव, आणि फॉर्मवर अर्धं, तर वयाच्या तपासणीतच प्रवेश अडकला असता. नाव कायमचं बदलायचं तर राजपत्रात छापून आणावं लागतं. ती म्हणाली, "मग राहू द्या. लिहा पूर्ण." यात अभिमान किती आणि कंटाळा किती, ते आम्ही विचारलं नाही.

स्पर्धेत ती सहावी आली. पहिल्या दहा जणींना प्रमाणपत्र होतं. तिच्या हातात आलं त्यावर नाव अर्धंच होतं. लिहिणाऱ्याने फॉर्म समोर असून ती दोन अक्षरं गाळली होती. चुकून की मुद्दाम, सांगता येत नाही. आम्ही काही बोलायच्या आत ती टेबलाजवळ जाऊन उभी राहिली. आधी जेवणाची सुट्टी झाली, मग कोरे कागद संपले, मग शिक्का सापडेना. ती हलली नाही. नवं प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत आमची धुळ्याची साडेतीनची एसटी निघून गेली होती.