लेट आणि कॉन्स्टच्या बाजूने

पायथॉनमध्ये व्हेरिएबल आधी डिक्लेअर करावं लागत नाही, याचं मला बरीच वर्षं फार अप्रूप होतं. नाव लिहायचं, व्हॅल्यू द्यायची, झालं काम. त्यामानाने जावास्क्रिप्टमधलं लेट आणि कॉन्स्ट म्हणजे नुसती अडगळ वाटायची. शब्द कमी तितका कोड वाचायला सोपा, असं मी नवख्यांना छातीठोकपणे सांगत असे. आता सांगत नाही.

मत पालटलं ते दुसऱ्यांचा कोड वाचून वाचून. नाव नवं आहे की जुनं, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. वाचणाऱ्याला ते हुडकावं लागतं. पायथॉनमध्ये फंक्शनच्या अगदी शेवटच्या ओळीत एखाद्या नावाला व्हॅल्यू दिली, तरी ते नाव अख्ख्या फंक्शनसाठी लोकल ठरतं. वरच्या ओळीत त्याच नावाचं बाहेरचं व्हेरिएबल वापरायला गेलात की प्रोग्राम एरर देऊन थांबतो. पहिली ओळ कळायला शेवटची वाचायची! बाहेरचं नाव बदलायचं असेल तर ‘ग्लोबल’ लिहा, किंवा 2008 मध्ये पायथॉन 3.0 बरोबर आलेलं ‘नॉनलोकल’. म्हणजे डिक्लेअर करणं काही सुटलं नाही. नवं नाव गुपचूप येतं आणि जुन्याची मात्र वर्दी द्यावी लागते. मला हे उफराटं वाटतं.

पायथॉन 3 मध्ये देवनागरी नावंही चालतात. ‘एकूण’ला शून्य दिलं आणि पुढे बेरीज घाईत ‘एकुण’मध्ये साठवली, तर दुसरंच व्हेरिएबल तयार होतं. एरर येत नाही, आणि ‘एकूण’ शून्यच राहतं.

जावास्क्रिप्टने हेच दुखणं जास्त भोगलं. तिथे चुकलेलं नाव थेट ग्लोबल व्हायचं. 2009 च्या स्ट्रिक्ट मोडने त्यावर एरर द्यायला सुरुवात केली, आणि 2015 मध्ये लेट-कॉन्स्ट आले. त्यांतलं कॉन्स्ट मला सर्वांत मोलाचं वाटतं. ते दिसलं की या नावाला पुढे दुसरी व्हॅल्यू मिळणार नाही, हे पक्कं. त्यात ठेवलेल्या ॲरेमधल्या गोष्टी बदलू शकतात, ही मर्यादा आहेच. तरी वाचणाऱ्याची निम्मी शोधाशोध वाचते.

पायथॉन मी आजही आवडीने लिहितो, फक्त फंक्शन एका नजरेत मावेल एवढंच ठेवतो. तुम्ही जावास्क्रिप्ट लिहीत असाल तर आधी कॉन्स्टच लिहा, व्हॅल्यू बदलावी लागलीच तर लेट करा, आणि नव्या कोडमध्ये डिक्लेअर करायला जुनं व्हार वापरू नका.