बटण दाबल्यानंतर

२००५ च्या दिवाळीत बंगळुरूहून घरी जायला फणींद्र सामा या तरुण इंजिनिअरला बसचं तिकीट मिळालं नाही. एजंटांचे उंबरे झिजवूनही नाहीच. कुठल्या गाडीत किती जागा उरल्या आहेत, हे त्या एजंटांनाही एका जागी दिसत नव्हतं. पुढच्याच वर्षी त्यांनी दोन मित्रांना घेऊन इथे बंगळुरूतच बसची तिकिटं ऑनलाइन विकणारी रेडबस सुरू केली. आता पुण्या-कोल्हापूरकडे निघणारे आम्ही इथले मराठी लोक वसुबारसेच्या कितीतरी आधीपासून मोबाइलवर सीटचे चौकोन न्याहाळत बसतो. मी अशाच बुकिंगच्या पडद्यामागचं काम करतो, म्हणून त्या बुकिंगच्या बटणाविषयी चार गोष्टी.

बटण स्वतः काहीच करत नाही. दाबलं की ब्राउझर एक अर्ज भरून दूरच्या सर्व्हरकडे धाडतो: अमुक गाडी, अमुक तारीख, खालची अमुक सीट. सगळं काम करतो तो सर्व्हरवरचा प्रोग्रॅम. अर्ज मुख्यतः दोन प्रकारचे. ‘गेट’ म्हणजे नुसतं दाखवा, ‘पोस्ट’ म्हणजे काहीतरी बदला. हा भेद न पाळणाऱ्यांची २००५ मध्ये चांगलीच फजिती झाली. पानं लवकर उघडावीत म्हणून गूगलने काढलेलं वेब ॲक्सलरेटर पानावरच्या लिंका आधीच उघडून ठेवायचं. काही ठिकाणी ‘पुसून टाका’ हीसुद्धा साधी लिंकच होती. त्याने तीही इमानेइतबारे उघडली आणि लोकांच्या नोंदी गायब झाल्या.

अर्ज ग्राहकाच्या यंत्रावरून येतो, म्हणजे त्यात काहीही लिहिलेलं असू शकतं. भाडं पानावरच्या लपवलेल्या रकान्यातून घेतलं, तर थोडंफार संगणक कळणारा कुणीही १२०० चे १२ करून पाठवेल. सीटचा क्रमांक ग्राहकाकडून घ्यावा, भाडं मात्र सर्व्हरने आपल्या तक्त्यातूनच काढावं. मुलाखतीला आलेल्या मुलांना मी हमखास हाच प्रश्न विचारतो, आणि चांगल्या चांगल्या कॉलेजची मुलं इथे अडकतात.

खरी गंमत एकाच सीटवर दोघांनी बोट ठेवलं की सुरू होते. नवखा प्रोग्रॅमर आधी डेटाबेसला विचारतो, ‘सीट मोकळी आहे का?’ आणि ‘हो’ आलं की ‘दिली’ असं लिहितो. या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसऱ्याचाही प्रश्न येऊन जातो, त्यालाही ‘हो’ मिळतं, आणि रात्री गाडीत एका बर्थवर दोघं भांडत उभे राहतात. म्हणून विचारणं आणि लिहिणं एकाच आज्ञेत बसवायचं: ‘मोकळी असेल तरच या नावावर लिही.’ पहिल्याच्या बाबतीत डेटाबेस सांगतो, एक ओळ बदलली. दुसऱ्याला शून्य. शून्यवाल्याला ‘सीट गेली’ असं सांगायचं. पहिल्यालाही सीट लगेच कायमची मिळत नाही. पैसे भरायला काही मिनिटं ती राखून ठेवतात आणि मुदत संपली की सोडून देतात. राखाडी झालेली सीट थोड्या वेळाने पुन्हा मोकळी दिसते ती त्यामुळेच. सणाच्या गर्दीत दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायला हरकत नाही.

दुसरं दुखणं पैशांचं. ‘पैसे भरा’ दाबलं, रेंज गेली, चक्र फिरत राहिलं, माणूस पुन्हा दाबतो. पहिला अर्ज पोचलेला असू शकतो, अडकलंय ते उत्तर. बटण राखाडी करून ठेवणं हा वरवरचा उपाय आहे, पान पुन्हा उघडलं की ते ताजंतवानं. पक्का उपाय म्हणजे प्रत्येक बुकिंगला सुरुवातीलाच एक वेगळा क्रमांक द्यायचा. त्याच क्रमांकाचा दुसरा अर्ज आला, तर पुन्हा पैसे न कापता पहिल्याचंच उत्तर परत पाठवायचं. चार ओळींचं काम आहे, पण घाईत हेच राहून जातं.

तरीही पैसे कापले गेले आणि तिकीट आलं नाही, तर सप्टेंबर २०१९ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक लक्षात ठेवा. यूपीआयने किंवा कार्डाने विक्रेत्याला दिलेले पैसे मध्येच अडकले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप खात्यात परत यायला हवेत. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न बघता द्यायची आहे. नाहीच आली, तर बँकेकडे मागून घ्या.