असर ते मगरिब

माझी मुलगी सातवीपर्यंत फुटबॉल खेळायची. आमच्या जामनेरात कुस्तीची हौस मोठी, क्रिकेट तर गल्लोगल्ली. फुटबॉलचे नाव फार कोणी घेत नाही. पण शाळेतल्या एका सरांनी मुलींच्या हाती चेंडू दिला आणि हिला नाद लागला. शाळा सुटली की दप्तर ओट्यावर टाकून पळायची, ती मगरिबच्या अजानला गुडघ्यापर्यंत माती घेऊन परतायची.

सातवीच्या सुट्टीत तिचा खेळ मीच बंद केला. घरात कोणी विरोध केला नव्हता, मोहल्ल्यातल्या कोणी बुजुर्गांनीही बोलावून सांगितले नव्हते. पिठाच्या गिरणीवर एका ओळखीच्या बाईंनी सहज विचारले, "तुम्हारी बच्ची अब भी खेलती क्या?" एवढेच. त्या 'अब भी'ने मी घरी येईपर्यंत अस्वस्थ होते. संध्याकाळी तिला म्हटले, "अब बस हुआ, बेटा." तिने वाद घातला नाही. बूट धुतले, उन्हात वाळवले आणि माळ्यावर ठेवून दिले. तिने वाद घातला असता तर बरे झाले असते, असे नंतर कितीदा तरी वाटले.

पुढे एका लग्नासाठी आम्ही मुंब्र्याला माझ्या बहिणीकडे गेलो. मुंबईच्या 1992-93च्या दंगलींनंतर कितीतरी मुस्लिम कुटुंबे तिथे राहायला गेली. दाटीवाटीची वस्ती, मोकळी जागा मिळेल तिथे मुलांचे क्रिकेट. अशा ठिकाणी सबाह खान आणि त्यांच्या सोबतिणींनी 2012 साली 'परचम' हा गट काढला आणि मुलींसाठी फुटबॉल सुरू केला. परचम म्हणजे झेंडा. फुटबॉलच का, तर तो मुलांचा खेळ मानला जातो आणि त्याला जागा फार लागते! घराबाहेरच्या जागेवर मुलींचाही हक्क आहे, हे भाषण करून सांगण्यापेक्षा त्यांनी मुलींना मैदानातच उतरवले. मैदान अर्थातच मोकळे नव्हते. सह्या गोळा कराव्या लागल्या, मुलींसाठी जागा मागावी लागली, एकेका घरी जाऊन आईबापांना समजवावे लागले. काही मुली बुरख्यात यायच्या, काही ओढणी बांधून खेळायच्या. बहीण हे सगळे चहा गाळता गाळता सांगत होती. माझी मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. बोलली काहीच नाही.

परत आल्यावर तिने मला मोबाईलवर एका बाईंची मुलाखत दाखवली. खालिदा पोपल, अफगाणिस्तानच्या महिला फुटबॉल संघाच्या संस्थापकांपैकी एक आणि पहिली कर्णधार. मला वाटले होते, 'हिंमत ठेवा, स्वप्ने पाहा' असे काहीतरी ऐकायला मिळेल. असली भाषणे आपल्याकडेही गॅदरिंगला होतात, टाळ्या वाजतात आणि मुली घरी येऊन भांडी घासतात. खालिदाबाईंचे तसे नव्हते. त्यांची आई शाळेत खेळाची शिक्षिका होती आणि फुटबॉलची गोडी त्यांना आईनेच लावली. तालिबानची पहिली राजवट गेली तरी मोकळीक आली नव्हती. शाळेच्या भिंतीआड मुली खेळायच्या, तेही आवाज न करता. गोल झाला तरी ओरडायचे नाही, बाहेर कळेल म्हणून.

2007 साली राष्ट्रीय संघ तयार झाला. 2010च्या डिसेंबरात बांगलादेशात कॉक्स बाजारला दक्षिण आशियाई स्पर्धा झाली, तिथे नेपाळने त्यांना तेरा गोलांनी हरवले. माझी मुलगी म्हणाली, "अम्मी, तेरा-शून्य! तरी पण गेल्या ना." दुसऱ्याच वर्षी जिवाच्या धमक्यांमुळे खालिदांना देश सोडावा लागला. आधी त्या आपल्या भारतात आल्या, मग डेन्मार्कमध्ये आश्रय मिळाला. गुडघा दुखावला आणि खेळणे संपले. त्यानंतर त्यांनी जे केले, ते मला खेळापेक्षा मोठे वाटते. निर्वासित मुलींसाठी त्यांनी खेळाचे काम उभे केले. अफगाण फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षाने खेळाडू मुलींवर केलेल्या अत्याचारांना 2018 साली वाचा फोडली. पुढच्या वर्षी फिफाने त्याच्यावर आजन्म बंदी घातली. आणि 2021च्या ऑगस्टमध्ये काबूल पडले, तेव्हा ज्या मुलींना त्या वर्षानुवर्षे 'समोर या' म्हणत होत्या, त्यांनाच फोनवर सांगावे लागले की फोटो पुसून टाका, जर्सी जाळून टाका. मग रात्रंदिवस खटपट करून त्यांना देशाबाहेर काढले. त्यातल्या कित्येक जणी आज ऑस्ट्रेलियात आहेत. मुलाखतीतला तो जर्सीचा भाग मी दोनदा पाहिला.

माझी अडचण कपड्यांची होती, हे कबूल करते. मुलीने नुकताच हिजाब घ्यायला सुरुवात केली होती. मला वाटायचे, हिजाब घेतला म्हणजे मैदान सुटले. गंमत अशी की फिफाचेही तेच म्हणणे होते! डोके झाकलेले कपडे नियमात बसत नाहीत म्हणून 2011च्या जूनमध्ये अम्मानला इराणच्या मुलींना ऑलिंपिकच्या पात्रता सामन्यात खेळू दिले नाही. त्या मैदानावरच रडल्या. ते म्हणत होते, काढा तर खेळा. मी म्हणत होते, घातलास तर घरी बस. दोन्हींकडून मुलगीच बाहेर. 2014 साली तो नियम बदलला. 2016 साली डेन्मार्कच्या हुमेल कंपनीने अफगाण संघासाठी हिजाब जोडलेली जर्सी काढली, ती जगापुढे आणताना खालिदाही होत्या. आणि 2023च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेनझिना हिजाब घालून उतरली, तो सामना मोरोक्कोने दक्षिण कोरियाविरुद्ध एक-शून्यने जिंकला.

हजरत आयेशा (रजि.) आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या धावण्याच्या शर्यतीची हदीस आपण बायकांच्या इज्तेमात कितीदा ऐकतो. एकदा त्या जिंकल्या, पुढच्या वेळी ते जिंकले. ऐकताना आपण हसतो, सुब्हानल्लाह म्हणतो. मीही म्हणायचे. पण घरातली मुलगी पळाली की मला गिरणीवरची बाई आठवायची.

एका रविवारी मीच शिडी लावून माळ्यावर चढले. बूट खाली काढले. मुलीने पायात घालून पाहिले. ते दोन नंबरांनी लहान झाले होते.

जळगावहून नवे आणले. तिचे अब्बू म्हणाले, "महाग पडले," आणि मग स्वतःच नाड्या ओवून दिल्या. सरांना भेटून आम्ही तीन आयांनी ठरवले की आठवड्यातून दोन दिवस असरपासून मगरिबपर्यंत मुली खेळतील आणि आमच्यापैकी एक जण कडेला बसेल. सुरुवातीला पाच मुली होत्या, आता नऊ आहेत. दोघींच्या घरून अजून होकार नाही. त्यांच्या आयांकडे मी जाऊन आले, पुन्हा जाणार आहे. गिरणीवरच्या बाईही भेटतात. विचारतात, मी सांगते, "हो, अजून खेळते."

माझी पाळी गुरुवारी असते. भाजी निवडायला सोबत नेते. आमची मुलगी गोलरक्षक आहे. मागून सगळ्यांना सूचना देत असते, गोल अडवला की ओरडते. फार ओरडते. तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत जातो. मी अजून दचकते, एकदा इकडेतिकडे बघते, आणि पुन्हा मेथी निवडायला लागते.